ग्रासकटर चौदा महिने वापरल्यावर: बंदच होत नाही तेव्हा काय करायचं

देवगड तालुक्यात आमची साडेतीन एकर हापूसची बाग आहे. जुनी-नवी मिळून सव्वाशे कलमं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये टू-स्ट्रोक, ५२ सीसीचा, खांद्याला अडकवायचा ग्रासकटर घेतला. तेव्हापासून एक दसऱ्याची बेणणी, म्हणजे बागेतलं गवत काढणं, पूर्ण झाली, मोहोराआधीची एक साफसफाई झाली, आणि या वर्षीची बेणणी आता अर्ध्यावर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या प्रकारच्या जवळपास सगळ्या मशीनना लागू होतं.

आधी थोडक्यात कामाबद्दल. पावसाळा सरता सरता आमच्याकडे गवत कमरेच्या वर जातं. ते दसऱ्याच्या आसपास काढलं नाही तर पुढे वाळतं आणि वणव्याची भीती राहते. वणवा बागेचा दगडी गडगा ओलांडून आला तर वीस-पंचवीस वर्षांची कलमं एका दुपारी होरपळतात, हे आम्ही शेजारच्या वाडीत पाहिलं आहे. पूर्वी कोयतीने हे काम करायला आम्हाला अठरा-वीस मजूर-दिवस लागायचे. मशीनने एक माणूस सात-आठ दिवसांत करतो. पेट्रोल तासाला पाऊण ते एक लिटर जातं. आमच्या मशीनला ४०:१ प्रमाण सांगितलंय, म्हणजे लिटरला २५ मिली टू-टी ऑइल. मोकळ्या जागेत तीन पात्यांचं ब्लेड, कलमांच्या बुंध्याशी नायलॉनची दोरी. बुंध्याशी ब्लेड कधीच नेऊ नका, सालीला लागलं तर कलम कायमचं अधू होतं. वजन आणि हादरे यांचा त्रास आहे, दोन तासांनी हात बधिर होतात, म्हणून आम्ही तासातासाला थांबतो. कामाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती थांबण्याबद्दल.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आमचा गडी खालच्या कोपऱ्यात गवत मारत होता, मी वर गडग्याचे ढासळलेले दगड लावत होतो. इंजिनाचा आवाज खाली आला, पण थांबला नाही. मग हाक आली, "दादानू, ह्यां बंद होना नाय!" बघतो तर तो मशीन गळ्यात अडकवून तसाच उभा, आणि अंगठ्याने लाल स्विच पुन्हा पुन्हा दाबतोय. इंजिन आपलं संथपणे चालूच. आणि पातं हळू का होईना, फिरत होतं.

पातं फिरत होतं ती चूक माझी. सकाळी थंड इंजिन सारखं बंद पडत होतं म्हणून मीच आयडलचा, म्हणजे ट्रिगर सोडल्यावरच्या संथ वेगाचा, स्क्रू अर्धा आटा आवळला होता. ट्रिगर सोडल्यावर पातं पूर्ण थांबलं पाहिजे, हा या मशीनचा पहिला नियम. आत सेंट्रिफ्युगल क्लच असतो, इंजिनाचा वेग ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच तो पकडतो. आयडल जास्त ठेवला की क्लच अर्धवट पकडतो आणि पातं रेंगाळत फिरत राहतं. त्या दिवशी आयडल बरोबर असता तर चालू राहिलेलं इंजिन नुसतं आवाज करत राहिलं असतं. पातं फिरत असल्यामुळे गड्याला पट्टा काढायची हिंमत होईना, आणि ते बरोबरच होतं.

मी धावत गेलो नाही. धावत जाऊन अशा माणसाच्या पाठीला हात लावला तर तो दचकून वळतो, आणि त्याच्याबरोबर दीड मीटरची नळी आणि पातंही वळतं. आधी त्याला दिसेल असा समोरून, लांबून आलो. पातं खाली, मोकळ्या जागेकडे धरून ठेव, पण जमिनीला टेकवू नको, अशी हाताने खूण केली. त्याने मान हलवल्यावर वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूने मागे गेलो, कारण या मशीनचं इंजिन उजव्या कुल्ल्याच्या मागे येतं. एअर फिल्टरच्या डब्याला चोकचा छोटा खटका असतो, तो पूर्ण बंद केला. इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले, थोडा पांढरा धूर आला आणि तीन-चार सेकंदांत गप्प झालं. पातं त्यानंतरही क्षणभर स्वतःच्या वेगाने फिरत होतं. ते थांबल्यावरच पट्टा काढला. गड्याचं शर्ट घामाने ओलं झालं होतं, आणि हात थरथरत होते ते हादऱ्यांनी नव्हे.

चोक बंद केला की हवा जवळजवळ तुटते, पेट्रोलचं प्रमाण इतकं वाढतं की ते मिश्रण पेटतच नाही. यात विजेचा संबंध येत नाही, म्हणून स्विच, वायर काहीही बिघडलेलं असलं तरी हा उपाय चालतो. आमच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत बंद करण्याबद्दल एकच ओळ आहे: स्विच दाबा. चोकने इंजिन बंद होतं हे त्यात कुठेही नाही. माणसाच्या हातात फिरतं पातं देणाऱ्या कंपनीने ही एवढी गोष्ट छापायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी अंगणात मशीन उघडलं. हँडलचा स्विच उघडून त्यातल्या दोन वायर नळीवरून मागे इंजिनापर्यंत चाचपत गेलो. हँडल नळीवर जिथे पत्र्याच्या क्लॅम्पने आवळलंय, नेमकं तिथे काळ्या वायरचं आवरण घासून गेलं होतं. आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटलेली होती.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही होता. घरातला दिव्याचा स्विच बंद केला की तो वीज तोडतो, म्हणून वायर तुटली की दिवा जातो. या इंजिनाचं उलट आहे. यात बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलजवळून फिरतं, त्यातून वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी मिळते. स्विच दाबला की कॉइलची वायर इंजिनाच्या बॉडीला जोडली जाते, वीज तिथून निघून जाते आणि ठिणगी पडत नाही. म्हणजे हा स्विच तोडत नाही, जोडतो. ती वायर तुटली की जोडणारं काही उरत नाही, मग लाल बटण कितीही दाबा, इंजिन चालूच राहणार.

हे समजलं तेव्हा जुलैमधल्या एका गोष्टीचा उलगडा झाला. त्या महिन्यात मशीन काम करता करता मधूनच आपोआप बंद पडायचं आणि लगेच चालूही व्हायचं. सर्व्हिस सेंटरला नेलं. कार्बोरेटर साफ केला म्हणून साडेतीनशे रुपये घेतले, दोन दिवसांनी पुन्हा तेच. कारण हीच जागा होती. तेव्हा तार तुटलेली नव्हती, फक्त आवरण गेलं होतं. हादऱ्याने उघडी तार नळीला टेकायची आणि कोणी स्विच दाबल्यासारखं इंजिन बंद पडायचं. मग घासत घासत ती तुटली आणि बरोबर उलटा आजार सुरू झाला. तुमचं मशीन असं मधूनच विनाकारण बंद पडत असेल तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी ही वायर तपासा. पुढची पायरी न थांबणारं मशीन ही असू शकते.

दुरुस्ती साधी निघाली. वायर सोल्डर करून घेतली, वर श्रिंक स्लीव्ह चढवली, क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला आणि वायरला थोडी ढील ठेवली. बॉडीला अर्थ होणारा स्क्रूही गंजला होता. आमच्या खाऱ्या हवेत तो गंजणारच, तो काढून पॉलिश पेपरने घासला. खर्च चाळीस रुपये. वायर वॉरंटीत बसत नाही, असं सांगण्यात आलं.

ही घटना वाडीत सांगितल्यावर प्रत्येकाने आपापला उपाय सांगितला. त्यातले काही ऐकून अंगावर काटा आला. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो प्लगची टोपी ओढण्याचा. शेजारच्या बागेतल्या एका काकांनी दोन वर्षांपूर्वी तसं केलं होतं. तिथे हजारो व्होल्टचा झटका असतो. झटक्याने त्यांचा हात मागे उडाला तो थेट सायलेन्सरवर, मनगटाजवळचा डाग अजून आहे. शिवाय सुटलेल्या टोपीतून पडणारी ठिणगी आणि जवळच पेट्रोलची टाकी. पेट्रोलची नळी कोयतीने तोडणं हा दुसरा उपाय, तोही तितकाच वाईट, पेट्रोल गरम सायलेन्सरवर सांडतं. पातं जमिनीत किंवा गडग्यात रुतवून इंजिन दाबून बंद करायचं, असंही एकाने सांगितलं. आमच्याकडे मातीखाली कातळ आहे. पातं त्यावर आपटलं तर तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, आणि नळी उसळून माणसालाच फिरवते. तीन पात्यांच्या ब्लेडची तर ही नेहमीचीच खोड आहे.

स्विच सोडून दुसरी कारणंही असतात. ट्रिगरची केबल मातीने आणि गंजाने अडकते, मग इंजिन आयडलला येतच नाही, पूर्ण वेगात ओरडत राहतं. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण पातंही पूर्ण वेगात असतं. तिथेही चोकच, फक्त इंजिन मरायला थोडा जास्त वेळ घेतं. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं गॅस्केट फाटलं तर बाहेरची हवा आत शिरते आणि ट्रिगर सोडला तरी वेग उतरत नाही. आणि तापलेल्या इंजिनात काजळी लाल झालेली असेल तर ठिणगी नसतानाही ते काही वेळ धडधडत राहतं. अशा वेळी बंद झाल्यावर पुन्हा चालू करून बघायचा मोह टाळा, आधी कारण शोधा. चोकचा खटकाच तुटलेला असेल आणि पातं थांबलेलं असेल, तर मशीन उघड्या कातळावर नीट ठेवून लांब उभं राहा आणि पेट्रोल संपू द्या. वाळक्या गवतात मात्र ठेवू नका, सायलेन्सरने गवत पेटतं. फोर-स्ट्रोक आणि ढकलायच्या काही मशीनना पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद केला की कार्बोरेटरमधलं उरलेलं संपेपर्यंत चालून ती गप्प होतात.

पाठीवरचं मशीन असेल तर आणखी एक अडचण आहे. त्याचा चोक चालवणाऱ्याच्या पाठीमागे असतो, त्याचा स्वतःचा हात पोचत नाही. असं मशीन घेऊन बागेत एकट्याने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो, त्याच्या अंगणात ढकलायचा लॉन मोवर आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याने त्याच्या मशीनचा दांडा व्हिडिओवर दाखवला. हँडलला लागून एक आडवी कडी असते, ती दाबून धरली तरच पातं फिरतं. हात सुटला की तीन सेकंदांच्या आत पातं थांबलं पाहिजे, असा तिथे १९८२ पासून नियम आहे. आपल्या ग्रासकटरचा ट्रिगर सोडल्यावर इंजिन फक्त आयडलला येतं, बंद होत नाही. बंद होणं त्या एका वायरवर अवलंबून असतं.

म्हणून आता आमच्याकडे रोज सकाळी पट्टा अडकवण्याआधी मशीन जमिनीवर ठेवून चालू करतो. मिनिटभर आयडलला ठेवून पातं स्थिर आहे का बघतो, मग लाल स्विच दाबतो. बंद झालं नाही तर त्या दिवशी काम नाही. सोमवारी हेच चोकने बंद करून बघतो, म्हणजे खटका कुठे आहे हे हाताला पाठ राहतं. मशीनबरोबर आलेल्या पट्ट्याला साधा हुक होता, मशीन ताणलेलं असताना तो निघत नाही. तो बदलून एका ओढीत सुटणारा पट्टा घेतला, साडेसातशे रुपये गेले, पण तो सुरुवातीलाच घ्यायला हवा होता. चोकच्या खटक्याला लाल ऑइलपेंट लावलाय. मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कोणी यायचं नाही हा नियम आहेच, पण हाकेच्या अंतरावर एक माणूस हवा आणि त्याला चोक माहीत हवा. माझ्या बायकोला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दोघींनाही तो बंद करून दाखवायला लावला.

नवीन घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करायला सांगा, एकदा स्विचने आणि एकदा चोकने बंद करून घ्या. दोन्ही वेळा खटका तुमच्या हाताने दाबा. वायर नळीवरून कशी नेली आहे, क्लॅम्पखाली चेपली आहे का, तेही तिथेच बघा. मी घेतलं तेव्हा दुकानदाराने मशीन चालू करून दाखवलं होतं, बंदही त्यानेच केलं, आणि मी बघत होतो पात्याकडे.