मेणकापडाचा कोट, पीव्हीसीचा रेनकोट की मेंब्रेनचे जॅकेट? सीमाभागात बाहेर काम करणाऱ्यांसाठी एक तुलना

कणकुंबी-आमगावचा मुसळधार पाऊस आणि अथणीचा तुरळक पाऊस दोन्ही बेळगाव जिल्ह्यातच पडतात, म्हणून पावसाळी कोटाची निवड करताना आधी आपण कोणत्या तालुक्यात, कोणते काम करतो हे पाहावे आणि मग कापडाकडे वळावे. अलीकडे मेण मुरवलेल्या सुती कापडाचे कामाचे कोट आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतात. ते दिसायला रुबाबदार असतात, टिकाऊ म्हणून त्यांची ख्याती आहे आणि किंमत काही हजारांच्या घरात जाते. पीव्हीसीचा रेनकोट मात्र बाजारात काही शेकड्यांत मिळतो. या फरकाचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हे समजून घेतल्याशिवाय हात सैल सोडू नये, असे माझे मत आहे.

या मेणकापडाचे मूळ जहाजांच्या शिडांत आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर शिडांच्या कापडाला पूर्वी माशांचे आणि पुढे जवसाचे तेल चोळत. जवसाच्या तेलाने कापड थंडीत ताठर होई आणि कालांतराने पिवळे पडे, म्हणून 1930 च्या दशकात त्याची जागा पॅराफिन मेणाने घेतली. स्कॉटलंडमधील डंडीची हॅली स्टीव्हनसन्स (स्थापना 1864) आणि ब्रिटिश मिलरेन (स्थापना 1880) या गिरण्या आजही हे कापड तयार करतात. आता मेणांची मिश्रणे वापरली जात असल्याने ते पूर्वीइतके चिकट राहिलेले नाही आणि त्याचा वासही कमी झाला आहे. ज्यांनी मालट्रकवरची जुनी सुती ताडपत्री हाताळली आहे, त्यांना हा कोट हातात घेताच ओळखीचा वाटेल.

पीव्हीसीच्या रेनकोटात पाण्याला वाटच नसते, कारण वरचा थर अखंड असतो. त्यामुळे बाहेरचे पाणी आत येत नाही, तसा आतला घामही बाहेर जात नाही, आणि भाताची रोप लावणी करणारा माणूस दुपारपर्यंत पावसाने नव्हे, तर घामाने भिजलेला असतो. मेणकापडाची रीत वेगळी आहे. त्यात सुतांमधल्या फटी मेणाने भरलेल्या असतात आणि ओले झाल्यावर सुती तंतू फुगून वीण आणखी घट्ट होते. घामाला थोडी वाट राहते, मात्र पावसाला पूर्ण बंदी होत नाही. रिमझिम, भुरभुर किंवा तास-दोन तासांची मध्यम सर हे कापड चांगली झेलते. दिवसभर संततधार लागली, की पाणी हळूहळू आत शिरते.

ते कुठून शिरते, हे एकदा नीट पाहून ठेवावे. बाही वारंवार दुमडल्याने कोपराच्या घडीवर मेण फुटते आणि तेथे फिकट पांढुरक्या रेषा उमटतात. खांद्यावर पिशवीचा पट्टा किंवा फवारणी पंपाचा पट्टा घासतो, तेथे मेण निघून जाऊन कापड कोरडे दिसू लागते. तिसरी जागा शिवणीची. सुईने पाडलेले प्रत्येक छिद्र ही पाण्याची वाट असते, म्हणून खांद्यावर शिवण नसलेला किंवा शिवणीवर दुहेरी पट्टी असलेला कोट केव्हाही बरा.

मेंब्रेनच्या, म्हणजे पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा कापडाला जोडलेल्या जॅकेटांची जाहिरात श्वास घेणारे कापड अशी केली जाते, आणि थंड, कोरड्या हवेत ती बऱ्याच अंशी खरीही ठरते. पण घामाची वाफ बाहेर जाण्यासाठी आतल्या हवेपेक्षा बाहेरची हवा कोरडी असावी लागते. जांबोटीच्या जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा या जॅकेटासाठी मोजलेल्या पैशांपैकी फार थोडे वसूल होतात. शिवाय वरचा पाणी झटकणारा लेप चिखल, तेल आणि घासण्याने उतरतो. स्वस्त जॅकेटांना आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप तर आपल्या दमट हवेत काही पावसाळ्यांनंतर पापुद्र्यांसारखा सुटू लागतो, आणि तो पुन्हा चढवण्याचा घरगुती उपाय नाही.

टिकाऊपणात मात्र मेणकापड स्पष्टपणे पुढे आहे. चिकोडी-हुक्केरी पट्ट्यातील उसाची धारदार पाती, बांधावरची बाभूळ, काटेरी तारेचे कुंपण यांत पीव्हीसी काखेत आणि बगलेच्या शिवणीवर आधी उसवतो, मग फाटतो, आणि चिकटपट्टीने फार दिवस निभावत नाही. मेणकापडाला ओरखडा पडला तरी हाताने चोळून मेण पुन्हा पसरते, आणि फाटले तर गल्लीतला शिंपीही ठिगळ लावून देतो. भीमगड अभयारण्याच्या परिसरात गस्त घालणाऱ्यांसाठी आणखी एक गुण मोलाचा आहे, तो म्हणजे चालताना या कापडाची सळसळ होत नाही.

आता देखभालीकडे वळतो, कारण माझ्या मते निवड येथेच ठरते. हा कोट वॉशिंग मशीनमध्ये घालता येत नाही, त्याला गरम पाणी, साबण आणि इस्त्री चालत नाही. गार पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसणे एवढीच त्याची धुलाई. वर्षातून साधारण एकदा मेणाचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेण पातळ करावे, स्पंजने पातळसर चोळावे आणि हेअर ड्रायरने ते कापडात मुरवावे. आपल्याकडे ओली घोंगडी चुलीच्या वरच्या दांडीवर टाकण्याची सवय घरोघरी आहे. मेणकापडाच्या बाबतीत ही सवय धोक्याची आहे, कारण सूत आणि पॅराफिन दोन्ही जळणारे पदार्थ आहेत. हा कोट वाऱ्यावर, पसरून टांगूनच वाळवावा. खानापूरच्या पश्चिम भागात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, तेथे तो ओला घडी करून ठेवला तर बुरशी धरतो. उन्हाळ्यात तो गाडीच्या डिकीत ठेवू नये, कारण मेण मऊ होऊन सीटला आणि इतर कपड्यांना लागते.

म्हणून कणकुंबी, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात शेतात वाकून काम करणाऱ्याने मेणकापडावर पैसे घालू नयेत. तेथे जाड पीव्हीसी बरा, आणि बांधावर गुरे राखणाऱ्यासाठी घोंगडीची खोळ अजूनही उपयोगाची आहे, कारण लोकर भिजली तरी ऊब देते. बेळगाव शहरात पहाटे मोटारसायकलवरून दूध घालणाऱ्याने मेणकापडाचा कोट जरूर घ्यावा, कारण तो वारा चांगला अडवतो. मात्र मुसळधार दिवसांसाठी डिकीत एक पीव्हीसी ठेवावा. हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागात कुंपण, ऊस, बागा किंवा वीजवाहिन्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी, जेथे सरी येतात-जातात आणि काटेकुटे रोजचे असतात, तेथे मेणकापड हीच माझी पहिली पसंती आहे.

घेताना चौरस मीटरला सुमारे 200 ते 270 ग्रॅम वजनाचे मूळ कापड निवडावे. त्याहून जाड कापड आपल्या हवेत उकडते. कोट कमरेखाली वीतभर असावा, काखेत हवेसाठी छिद्रे असावीत आणि विक्रेत्याकडे मेणाचा डबा सुटा मिळतो की नाही, हे कोटाचे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.