पायपुसण्यांच्या ‘बायबॅक’मध्ये गेलेले ५०,१२० रुपये

आकडा आधीच सांगून टाकते: पन्नास हजार एकशे वीस. नातेवाइकांत मी ‘वीसेक हजार गेले’ असं सांगितलंय. मुलाला तीस सांगितलेत. खरा आकडा मला आणि यांना माहीत होता, आता तुम्हालाही कळला. लाज वाटते, पण ‘घरी रग बनवा, तयार माल आम्हीच विकत घेऊ’ म्हणजे ‘बायबॅक’ सांगून फसवणाऱ्या लोकांनी नेमका याच लाजेवर धंदा उभा केलाय, म्हणून लिहिते आहे.

आणि कृपा करून ‘हाव नडली’ म्हणू नका. पेन्सिल पॅकिंग करा नि महिन्याला तीस हजार कमवा, या जाहिरातींना मीही हसतेच. वाती वळा, अगरबत्ती वळा, लिफाफे चिकटवा, मशीन आमचं आणि माल आम्हीच उचलू, हे सगळं आपण पाहिलेलं आहे. पण माझ्यापुढे जे आलं ते माझ्याच हौशीचा वेश घालून आलं.

जुन्या सुती साड्यांची पायपुसणी मी लग्नाआधीपासून करते. साडी लांबीत टराटरा फाडायची, दोन बोटं रुंद पट्ट्या काढायच्या, तीन पट्ट्यांची वेणी घालत जायचं आणि ती गोल गोल फिरवत टाके घालायचे. टाका ओढला की कडा वर उचलते आणि पायपुसण्याची परात होते, म्हणून टेबलावर सपाट ठेवूनच शिवावं लागतं. टी-शर्टच्या पट्ट्या ताणल्या की आपोआप गुंडाळतात, त्यांचं क्रोशाच्या जाड सुईवर फार देखणं काम होतं. पुढे उरलेल्या लोकरीचे रगही करायला लागले. आमच्या सोसायटीत क्वचितच एखाद्या दारात माझं पायपुसणं नसेल. विकायचं म्हणून कधी केलं नाही. कुणी फारच आग्रह केला तर दीडशे-दोनशे घ्यायचे, त्यातून अस्तराचं कापड यायचं.

तर मोबाइलवर अशाच कामाचे व्हिडिओ बघता बघता जाहिरात आली: ‘पंच नीडल रग घरी बनवा, तयार माल कंपनी घेईल.’ फोन केला. पलीकडे स्वच्छ मराठी बोलणारी मुलगी. पहिल्या वाक्यापासून ‘काकू’. मी माझ्या कामाचे फोटो पाठवले, तर म्हणाली, ‘काकू, तुमच्या हाताला ट्रेनिंगची गरजच नाही.’ इतक्या वर्षांत घरच्या कुणी एवढं म्हटलं नव्हतं.

नोंदणी १,१८० रुपये. नमुन्याचं किट ३,५४०: लाकडी चौकट, त्यावर ताणायचं कापड, पंच नीडल आणि पाच किलो लोकर. हे काम कापडाच्या उलट बाजूने करतात. सुई दाबली की सुलट बाजूला फास तयार होतो. कापड ढोलाच्या चामड्यासारखं घट्ट हवं आणि मागची लोकर मोकळी सरकायला हवी, कुठे अडकली की घातलेले फास सुटून येतात. मला चटकन जमलं. दोन बाय तीन फुटांचे चार रग करून पाठवले आणि आठवड्याच्या आत नगाला ६५० प्रमाणे २,६०० रुपये खात्यात आले.

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. यात नवीन काही नाही, तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण आवळा हातात पडतो तेव्हा तो आपल्या मेहनतीचा मोबदला वाटतो. ते २,६०० मी देवापुढे ठेवले होते. पहिला हप्ता वेळेवर आला, हा चांगुलपणाचा पुरावा धरूच नका.

मग आलं ‘सिल्व्हर युनिट’. २५,००० रुपये डिपॉझिट, ‘शंभर टक्के परत’. ३० किलो ‘न्यूझीलंडची शुद्ध लोकर’ ४२० रुपये किलोने, जीएसटी धरून १३,२३०. त्यातून २४ रग करायचे. भदोहीच्या गालिच्यांत न्यूझीलंडची लोकर वापरतात हे मला ठाऊक होतं, त्यामुळे ते नाव ऐकून उलट भरवसा बसला. स्टॅम्पपेपरवर करार आला. आमच्या यांनी तो चष्मा लावून वाचला, साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली. हे बँकेतून निवृत्त झालेत. आता ‘तू मला नीट दाखवलाच नव्हतास’ म्हणतात.

पैसे क्यूआर कोडवर भरले. स्कॅन केल्यावर पडद्यावर कंपनीचं नाव येईना, कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं, तर ‘ते आमचे अकाउंट्सचे सर, कंपनीच्या खात्याचं केवायसी चालू आहे.’ बाई गं, कंपनीला पैसे द्यायचे असतील तर कंपनीच्याच नावाच्या खात्यात द्यायचे. सर असो, मॅनेजर असो, मालकाचा मेव्हणा असो, दुसऱ्या कुणाच्या नावावर एक रुपया टाकायचा नाही.

आता त्या संध्याकाळचं सांगते, जिच्यामुळे अजून झोप लागत नाही.

गोणी फोडून लोकरीचे गुंडे करत बसले होते. दिवेलागण झाली म्हणून उठले, निरांजन लावलं, आणि बाहीला चिकटलेला लोकरीचा एक धागा ज्योतीवर गेला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योतीतून बाहेर काढली की ती विझते, आणि मागे उरलेली काजळी चिमटीत चुरली की तिची भुकटी होते. हा धागा आक्रसला, वितळला, प्लास्टिकचा उग्र वास आला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. नखाने दाबला, फुटेना. तबकाच्या कडेवर घासला, तर टक् असा आवाज आला. ॲक्रिलिक! भेसळसुद्धा नाही, निखळ ॲक्रिलिक. आमच्या माहेरी धनगरी लोकरीची घोंगडी होती, पावसात भिजली की घरभर वास सुटायचा. लोकर म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागत नाही. मणी माझ्या हातात होता.

मी लगेच फोन केला, हेही लिहून ठेवा. गप्प बसले नाही. तर मुलगी हसून म्हणते, ‘काकू, ते एक्स्पोर्ट ब्लेंड आहे, वॉशेबल लागतं ना परदेशात. आणि माल आम्हीच घेणार आहोत, मग लोकर कसलीही असली तरी तुमचं काय जातंय?’ या वाक्याला मी निरुत्तर झाले. खरंच वाटलं, आपलं काय जातंय? जो माल त्यांनी द्यायचा नि त्यांनीच घ्यायचा, त्याची उठाठेव आपण कशाला करा? शिवाय ३८,२३० रुपये गेलेले होते. गेलेले पैसे माणसाला असे गप्प बसवतात. तेव्हाच गोणी बांधून परत पाठवली असती तर काय झालं असतं? काही नाही, डिपॉझिट तसंही बुडालंच असतं. पण पुढचे ९,७७० तरी वाचले असते, आणि मान मोडेपर्यंत केलेलं ते कामही.

विक्रेत्याने दिलेल्या लोकरीचा धागा पहिल्याच दिवशी काडीने जाळून बघा. हात भाजू नये म्हणून चिमट्यात धरा. आणि जळल्यावर जे दिसेल त्यावरच विश्वास ठेवा, फोनवरच्या खुलाशावर नाही.

रग पूर्ण केले, मागून लेटेक्सचा हात दिला, वाळवले, गाठोडी बांधली. कुरिअर माझ्या खर्चाने, ३,८७०. पुढे ईमेल आला: ‘क्वालिटी रिजेक्ट. पाइल वेट २,४०० जीएसएमपेक्षा कमी.’ सगळेच्या सगळे २४ नापास. करारात हे कलम होतं, वाचलंही होतं. पाइल वेट म्हणजे रगावरच्या फासांच्या लोकरीचं वजन आणि जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, तेही माहीत होतं.

नंतर एका रात्री उठून मी हिशोब मांडला. दोन बाय तीन फूट म्हणजे ०.५५७ चौरस मीटर. असे २४ म्हणजे साधारण १३.४ चौरस मीटर. त्यावर २,४०० ग्रॅमप्रमाणे लोकर लागते ३२ किलोच्या वर. त्यांनी दिली होती ३० किलो! म्हणजे एक धागाही वाया न घालवता, ब्रह्मदेवाने स्वतः बसून ते रग केले असते तरी नापासच झाले असते. नापास व्हावेत म्हणूनच ती लोकर मोजून दिलेली होती. माझ्या कामात खोट नव्हती हे कळून त्या रात्री बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचाच दुसऱ्या दिवशी संताप आला.

पण हा हिशोब सुचायच्या आधीच शेवटचा घाव बसून गेला होता. ‘क्वालिटी अपग्रेड ट्रेनिंग’ केलं तर माल पुन्हा तपासू, नाहीतर डिपॉझिटमधून दंड कापू. ५,९०० रुपये. भरले. भरणारच ना, २५,००० अडकले होते. ट्रेनिंग म्हणजे यूट्यूबवरच्या कुणा परदेशी बाईच्या व्हिडिओच्या तीन लिंका. मग फोन ‘स्विच ऑफ’, मग ‘अस्तित्वात नाही’. रगही गेले.

इथून पुढची फसवणूक सरकारमान्य.

१९३० वर फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक, पाठ करून ठेवा. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते. मला विचारलं, ‘एवढ्या उशिरा का?’ अहो, चोराने खिसा कापला तर लगेच कळतं. इथे फसवलं गेलोय हे कळायलाच दोन महिने लागावेत अशी सगळी मांडणी होती! तक्रार क्रमांक मिळाला. पोर्टलवर स्थिती बघितली की ‘प्रक्रियेत’.

बँकेत गेले. ‘मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय.’ विषय संपला.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही माल घेतलाय, करार केलाय, हे दिवाणी प्रकरण, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात. आता म्हणे कंपनीचा पत्ता हरियाणातल्या पानिपतचा आहे, आमची हद्द नाही. हद्द कुठलीही असली तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलेलं आहे, हे मी भाच्याकडून शिकून गेले होते. तसं म्हटल्यावर साहेब म्हणाले, ‘एवढा कायदा माहीत होता तर फसलात कशा?’ शेजारचा हवालदार फिस्सकन हसला. शेवटी ‘अर्ज देऊन जा’. अर्जाची पोचसुद्धा मागून, उभं राहून, दुसऱ्यांदा मागून घ्यावी लागली. पोच न घेता उठू नका, नाहीतर पुढच्या वेळी ‘कुठला अर्ज?’ इथून सुरुवात होते. फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे, भारतीय न्याय संहितेतलं. जुनं ४२० म्हणत बसलात तर तेवढ्यावरूनही तुम्हाला परत पाठवतील.

ग्राहक आयोगाच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाच्या, खिडकीवर तर कमालच. ‘हे तुम्ही हौस म्हणून केलंत की कमाईसाठी?’ कमाईसाठी म्हटलं, तर ‘मग तुम्ही ग्राहक नाही, व्यावसायिक.’ हौस म्हटलं, तर ‘हौसेला २४ रग लागतात का?’ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत, असं २०१९ च्या कायद्यातच आहे. पण ते मी त्यांना सांगायचं होतं की त्यांनी मला? एक खरं, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. करारातलं ‘पानिपत न्यायालय’ वाचून घाबरू नका. मी केली आहे तक्रार. नोटीस पानिपतला गेली आणि ‘पत्त्यावर इसम नाही’ असा शेरा घेऊन परत आली.

त्या पत्त्याचं आधीही कळलं असतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. २७ महाराष्ट्राचा, हरियाणाचा ०६. पत्ता पानिपतचा आणि क्रमांक महाराष्ट्राचा! क्रमांक पंधरा अक्षरी असतो, जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, फुकट. मी टाकला तेव्हा एका लोखंडी सामानाच्या दुकानाचं नाव आलं. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

तयार माल खपवायची हमी जो देतो, त्याला विचारा की माल खपतो तर डिपॉझिट कशाला? कच्चा माल त्याच्याकडूनच घेण्याची सक्ती असेल तर तिथेच फोन ठेवा. त्याचा नफा तुमच्या रगात नाही, तुम्हाला विकलेल्या लोकरीत आणि डिपॉझिटात आहे.

मागच्या आठवड्यात नवाच फोन आला. ‘मॅडम, तुमचं डिपॉझिट रिफंड मंजूर झालंय, वकिलाची प्रोसेसिंग फी २,३६० भरा.’ रक्कम त्यांना अचूक ठाऊक, २५,०००. म्हणजे यादी विकली तरी गेली आहे किंवा तीच टोळी पुन्हा आली आहे. बुडालेले पैसे मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागतो तो त्यांचाच भाऊबंद समजा. मी बोलत बसवून नंबर आणि खात्याचा तपशील काढून घेतला, छापून घेतला आणि जुन्या अर्जाला जोडा म्हणून ठाण्यात नेऊन दिला. हवालदारांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, ‘काकू, ब्लॉक करून टाका ना.’