१४ महिन्यांची बॅटरी आणि न लावलेला मीटर

गेल्या सोमवारी आईला परभणीहून नांदेडला डॉक्टरांकडं न्यायचं होतं. ती मागं बसलेली, मी कारची चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट. महिन्यातली तिसरी खेप. गल्लीतल्या दोघांनी धक्का मारून दिला म्हणून निघालो.

३५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज), साडेचार हजारांची बॅटरी. पहिलं वर्ष नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणूनच राग जास्त. दुकानात काउंटरवरच्यानं बॉनेटही न उघडता सांगितलं, "सेल गेलाय दादा, नवीन टाका." वॉरंटीचं काढलं तर म्हणे उन्हाळ्यात असंच होतं. उन्हाचं खोटं नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ला जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त, आतलं पाणी उडतं, प्लेटा लवकर खराब होतात. पण व्होल्ट मोजायचा मीटर लावायला दोन मिनिटं लागतात हो! तेवढीही तसदी न घेता माणसाला परत साडेचार हजारांच्या खड्ड्यात घालायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

जिंतूर रोडवरच्या इलेक्ट्रिशियननं आधी मीटरच काढला. बॅटरी ११.६ व्होल्ट, म्हणजे पार उतरलेली. रात्रभर सावकाश चार्ज केल्यावर १२.५. गाडी चालू असताना १४.२, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. मग निगेटिव्हची वायर सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडला, दारं लावली आणि वीस मिनिटं थांबला. (या वेळी सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.) आकडा आला ०.३८ अँपिअर. बंद गाडीनं ०.०५च्या आत खायला पाहिजे. एकेक फ्यूज उपसत गेला, स्टिरिओचा निघाला आणि आकडा झर्रकन ०.०३वर.

पाडव्याला बसवलेला टचस्क्रीन स्टिरिओ! चावी फिरवल्यावरच वीज मिळावी अशी त्याची वायर बसवणाऱ्यानं थेट कायम चालू लाईनला जोडलेली, स्क्रीन काळा दिसला तरी आत जागाच. ०.३८ गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला नऊ एएच. माझी शाळा दोन किलोमीटरवर, मी दुचाकीनं जातो, गाडी चार-चार दिवस उभी. ३५ एएचमधून रोज नऊ गेले तर चौथ्या दिवशी उरणार काय?

तेव्हा महिनाभर बॅटरीला दिलेल्या शिव्या मी परत घेतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली होती, तो दोष माझा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसली, वर पेट्रोलियम जेली लावली.

वायर बदलायचे दोनशे रुपये गेले. परवा पाच दिवस उभी राहून गाडी एका सेल्फला उचलली. मात्र तीनदा पार उतरल्यामुळं बॅटरीची ताकद थोडी कायमची गेलीय, पूर्ण चार्ज करूनही १२.५च्या वर जात नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो अजून एक उन्हाळा काढेल. साडेचारशेचा मीटर घेऊन डिकीत ठेवलाय, दर रविवारी आकडा वहीत लिहितो. पुढची बॅटरी याच कंपनीची घेईन, त्या काउंटरवरून नाही.