पावसाळ्यात बाईकची टाकी फुल्ल करून ठेवायची का रिकामी?

साताऱ्यात जून लागला की कास रोडला नुसतं धुकं आणि पाणी, त्यामुळं माझी जुनी बाईक तीन-चार महिने बोळातच झाकून. पहिल्या वर्षी टाकी रिकामी करून ठेवली, म्हटलं पेट्रोल शिळं व्हायची भानगडच नको, पण रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते ना, सप्टेंबरात झाकण उघडून टॉर्च मारला तर आतनं तांबूस गंज! आता फुल्लच करतो. पेट्रोल जुनं होतंच, त्यात २० टक्के इथेनॉल, ते पाणी ओढतं, तरी भरल्या टाकीत हवेला जागाच कमी राहते. फक्त गाडी कार्बोरेटरवाली (इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणारा भाग असलेली) असेल तर कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकांत, शिळ्या पेट्रोलचा चिकटा बसतो. रिकामीच ठेवायची तर टाकी उतरवून आतनं तेल फिरवायला लागतं, एवढा कुटाणा माझ्यानं होत नाही बाबा.