जर्मेनियम म्हणून सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर गळ्यात मारले, आणि मी दीड महिना स्वतःचंच सोल्डरिंग उकलत बसलो

नाशिकला सिडकोत राहतो, नोकरी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला. म्हणजे दिवसभर मीटर हातात घेऊनच पोट भरतो आणि तरी फसलो, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. गिटारचे पेडल घरी बनवणाऱ्यांनी तरी वाचा.

मला फझ फेस करायचा होता, म्हणजे गिटारचा आवाज फाटका-खरखरीत (फझ) करणारं पेडल. सर्किट एकदम साधं, दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, १९६६ ला लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेलं, गिटारवाल्या जिमी हेन्ड्रिक्समुळे गाजलेलं. पण सुरुवातीच्या पेडलमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर असायचे आणि सगळी मजा त्यातच आहे, गिटारचा व्हॉल्यूम जरासा खाली घेतला की फझ निवळतो आणि गोड वाजतो. आता जर्मेनियम आणायचं कुठून, शालिमारपासून मेन रोडपर्यंत विचारत फिरलो तर दुकानदार म्हणतो, "बीसी ५४७ घेऊन जा ना, काय फरक पडतो." बीसी ५४७ म्हणजे साधा सिलिकॉन ट्रान्झिस्टर.

मग ऑनलाइन एक जण सापडला. एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची मॅच्ड पेअर (एकमेकांना जुळणारी जोडी), जुना स्टॉक, एक जोडी १३०० रुपये. त्याने व्हिडिओ पाठवला, टेस्टरवर एकाचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) ७८ आणि दुसऱ्याचा ११५, म्हणजे पुस्तकात असतो तसाच. बोलायलाही इतका गोड, दर वाक्याला सर. दोन जोड्या घेतल्या, एक राखीव म्हणून, कुरियर धरून २७०० यूपीआयने पाठवले. आलेल्या ट्रान्झिस्टरला खाली टोपीसारखी बाहेर आलेली कड होती. फोटोत मी पाहिलेला एसी १२८ बारीक लांबुडक्या गोळीसारखा असतो. विचारलं, तर म्हणे दुसऱ्या कंपनीचा आहे सर, हा जास्त चांगला. आणि मला पटलं! तिथेच थांबायला हवं होतं.

बोर्ड जोडला, वाजवला, तर आवाज चिरका, कानात सुई घातल्यासारखा, व्हॉल्यूम खाली घेतला तरी पाहिजे तसा निवळत नाही आणि वर रात्री बारीक आवाजात कुठलंतरी रेडिओ स्टेशन ऐकू येतंय. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचार व्होल्ट हवे तिथे तीन. (ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचा आहे म्हणजे हे व्होल्ट मायनसमध्ये, पण ते सोडा.) मला वाटलं चूक माझीच. सगळे जॉइंट पुन्हा तापवले, ३३ के आणि १०० के (किलो-ओहम) चे रेझिस्टर बदलले, ग्राउंड तपासला, इनपुटचा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उलटा लागलाय का पाहिलं, राखीव जोडी घालून पाहिली, शेवटी ८.२ के काढून तिथे ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला. ट्रिमरने साडेचार आले, आवाज मात्र तसाच. आई म्हणाली, ते कोकलणं बंद कर आणि जेवायला ये.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "सर, सोल्डरिंगच्या उष्णतेने गेले असतील, जर्मेनियम नाजूक असतं." हे खोटं नाही हो, म्हणून तर गळाला लागलो. पाय कापलेला माल परत घेणार नाही, पण बोर्ड पाठवा, ९०० रुपयांत बसवून देतो म्हणाला. पाठवला. तीन आठवड्यांनी परत आला, तर ट्रिमर थोडा फिरवलेला, बस्स. आणि वर मला सांगतो, "एप्रिलच्या उन्हात पण बायस हलत नाही बघा, प्रीमियम क्वालिटी." बायस म्हणजे तेच कलेक्टरवरचे व्होल्ट. मीही दुपारी गच्चीवर नेऊन बघितलं, खरंच हलला नाही, आणि मी खूश. जर्मेनियम म्हणजे उन्हाने हलणारच, न हलणं हाच पुरावा होता आणि मी तो कौतुकाने बघत उभा!

रविवार कारंजाजवळ एक म्हातारे रेडिओवाले काका आहेत, त्यांच्याकडे सहज नेला. एक ट्रान्झिस्टर काढला, मीटर डायोडवर टाकला, बेस आणि एमिटर या दोन पायांवर व्होल्ट बघितले. "०.६३. अरे बाळा, हे सिलिकॉन आहे. जर्मेनियमला ०.२ च्या आसपास यायला पाहिजे." दहा सेकंदांत. मग म्हणाले, पॉकेट रेडिओत एसी १२७ आणि १२८ च्या जोड्या किती बदलल्या आयुष्यात, असली टोपीवाली भानगड कधी नाही बघितली. कापसावर थिनर घेऊन पुसलं तर एसी १२८ ची छपाई कापसावर आली. "स्टेशन लागतंय म्हणालास ना, मग रेडिओच झालाय तुझा," असं म्हणून हसले.

घरी येऊन अजून एक टेस्ट केली, ही तुम्ही माल आल्या आल्या, पाय कापायच्या आधी करा. ९ व्होल्ट, एमिटर प्लसला, कलेक्टरला साधारण २.४७ के लावून मायनसला, बेस मोकळा सोडायचा आणि त्या रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजायचे. जर्मेनियम थोडं तरी लीक होतंच, म्हणजे बेस मोकळा असूनही थोडा करंट जातो, मीटर काहीतरी दाखवतो आणि चिमटीत धरलं की आकडा चढायला लागतो. माझ्या चारही ट्रान्झिस्टरना ०.००, कितीही वेळ धरा. गेनचा व्हिडिओ बघून काहीच कळत नाही, तो ट्रान्झिस्टर तुमच्याच पाकिटात येणार हे कोण सांगणार.

पैशांचं म्हणाल तर २७०० अधिक ९०० अधिक बोर्ड पाठवायचं कुरियर. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन दीड महिना झाला होता. तो नंबर पैसे गेले की लगेच लावायचा असतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण सांगितलं, पण माझ्याकडे ना बिल ना पत्ता. त्याने ब्लॉक केलं ते वेगळंच.

परवा मित्राच्या मोबाइलवरून त्याची जाहिरात उघडली. अजून चालू आहे, जोडी आता १५०० ला. खाली "कस्टमर बिल्ड" म्हणून फोटो टाकलाय, तो माझा बोर्ड आहे. तिरका बसलेला निळा ट्रिमर मी कुठेही ओळखेन.