जाळून दाखवलेला धागा टोपीचा नव्हताच

ग्वाल्हेरची थंडी कोरडी असते तोवर कुठलीही कानटोपी चालते. मावठा आला की टोपीची परीक्षा. पहाटे स्कूटरवर निघायचं, वर धुकं, त्यात रिमझिम.

म्हणून महाराज बाड्याजवळच्या एका हंगामी स्टॉलवर टोपी घेतली. पुढे छज्जा, बाजूंना कानांवर येणाऱ्या पट्ट्या, आत लेबल: 'शुद्ध लोकर, वॉटरप्रूफ'. १४०० सांगितले, ११०० ला दिली. माणूस बोलायला गोड. "अंकलजी, जलाके दिखाता हूँ," म्हणत त्याने टेबलाखालून लोकरीचा तुकडा काढून लायटर लावला. जळक्या केसांचा वास आला, ज्योत आपोआप विझली, राख बोटांत चुरली. खऱ्या लोकरीची खूण तीच. मग टोपीवर पाणी शिंपडलं. अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब खाली.

पहिल्याच मावठ्यात पाणी शिवणींतून आत आलं आणि छज्जा नाकावर लोंबायला लागला. घरी उसवून बघतो तर आत पुठ्ठा, त्याचाही लगदा झालेला! आतल्या बाजूचा धागा ओढून जाळला. तो वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी तयार झाला. म्हणजे अॅक्रिलिक, कृत्रिम धागा. बाड्यावर जळला तो तुकडा टोपीचा नव्हताच. पाणी ओघळत होतं ते वरून मारलेल्या स्प्रेमुळे. तो पावसात धुऊन गेला.

खरं तर लेबलच संशय यावा असं होतं. लोकर वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही, म्हणून ती दमट हवेतही ऊबदार. पण पाणी ती अडवत नाही. त्यासाठी वेगळा थर लागतो, आणि शिवणींवर आतून टेप. सुईच्या भोकांतूनच तर पाणी शिरतं. टोपी उलटी करून टेप बघा. छज्जा हलकेच वाकवा: प्लास्टिक असेल तर परत सरळ होतो, पुठ्ठ्याला मोड पडते. धागा जाळायचाच तर त्याच टोपीच्या कापडाचा, आतल्या शिवणीच्या कडेचा (शिलाईचा दोरा नव्हे), तोही आपल्या हाताने काढलेला. विक्रेता नको म्हणाला, तर पुढचं दुकान गाठा.

पुन्हा गेलो तर त्या जागी पेरूचा ठेला. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, पण तक्रार करायची कोणाच्या नावाने? बिल नाही, आणि पाटी होती 'कश्मीरी वूलन'. त्या रस्त्यावर निम्म्या स्टॉलांवर तीच असते.