टर्मिनल बॉक्सच्या ब्रॅकेटसाठी ग्लास-फिल्ड नायलॉन: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पंपाच्या मोटरवरचा टर्मिनल बॉक्स धरणारा ब्रॅकेट शिरोली एमआयडीसीत ३० टक्के ग्लासच्या, म्हणजे काचेचे बारीक तंतू मिसळलेल्या, नायलॉन ६ मध्ये इंजेक्शन मोल्डिंगने काढला जातोय. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा निघाल्यावरचं मत असं: माल चांगला, पण डेटाशीटवरचा आकडा बघून जाडी ठरवू नका.

शीटवर मॉड्युलस, म्हणजे मालाच्या ताठपणाचा आकडा, ९,००० ते ९,५०० एमपीए (मेगापास्कल) दिसतो. तो नुकत्याच निघालेल्या कोरड्या पार्टचा. हवेतला ओलावा पिऊन पार्ट स्थिरावला की तोच ६,००० च्या आसपास उतरतो, आणि कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये ओलाव्याला तोटा नाही. शीटवर ‘कंडिशन्ड’ असा दुसरा रकाना असतो; हिशेब त्यावरच करा. रकाना नसेल तर पुरवठादाराकडून मागून घ्या. ताठपणा कमी पडला तर आधी आकार बघा: सपाट भागाची जाडी ३ वरून ३.५ मिमी केली की ताठपणा जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. रिब (आधाराची फासळी) मात्र भिंतीच्या ५० ते ६० टक्केच जाड ठेवा, नाहीतर समोरच्या बाजूला सिंक मार्क (खळगा) येतो.

ओल्या नायलॉनचा एक फायदाही आहे, तो चिवट होतो. मशीनवरून उतरलेल्या कोरड्या पार्टमध्ये लगेच स्क्रू आवळला तर बॉस (स्क्रू बसतो तो उंचवटा) चिरण्याची भीती जास्त.

मोल्डिंगआधी नायलॉनचा दाणा (कच्चा माल) ८० अंशाला ४ ते ६ तास सुकवायचा, ओलावा ०.२ टक्क्याच्या खाली हवा. साधा हॉपर ड्रायर बाहेरचीच ओली हवा गरम करून आत सोडतो, त्यामुळे पावसाळ्यात तो पुरत नाही. हवा आधी कोरडी करणारा डिह्युमिडिफायिंग ड्रायरच लागतो. नोझल गळायला लागली आणि पार्टवर चंदेरी रेघा आल्या की तापमानाशी खेळण्याआधी दाणा तपासा. मेल्ट (वितळलेला माल) २७० ते २८५, मोल्ड (साचा, म्हणजेच डाय) ८० ते ९० अंश. मोल्ड थंड असेल तर ग्लास वर तरंगतो, पृष्ठभाग पांढुरका आणि खरखरीत लागतो. बॅक प्रेशर (दाणा वितळताना मशीनच्या स्क्रूवर ठेवलेला उलटा दाब) कमी ठेवा, जास्त दाबात तंतू तुटतात. रिग्राइंडमध्ये (दळून परत वापरलेल्या मालात) ते आधीच आखूड झालेले असतात, म्हणून भार घेणाऱ्या पार्टला व्हर्जिन (कोरा) दाणाच वापरावा.

सगळ्यात जास्त त्रास पिळाचा, म्हणजे पार्ट थंड होताना वाकडा होण्याचा. प्रवाहाच्या दिशेने आकुंचन ०.३ टक्के, आडवं त्याच्या दुप्पट किंवा जास्त. लांबट ब्रॅकेटला गेट (माल साच्यात शिरायचं तोंड) टोकाला दिला तर तंतू लांबीत लागतात आणि वाकणं आटोक्यात राहतं. भोकाच्या पलीकडे जिथे दोन प्रवाह भेटतात, तिथे तंतू एकमेकांत जात नाहीत. ती वेल्ड लाइन भाराच्या जागी येऊ देऊ नका. पी२० स्टीलच्या डायला ग्लास गेटपाशी खातो, त्यामुळे तिथे हार्डन केलेल्या एच१३ स्टीलचा बदलता येणारा इन्सर्ट हवाच.

पर्यायांपैकी ग्लास-फिल्ड पीपी (पॉलिप्रोपिलीन) हलका आणि स्वस्त, पण सतत आवळलेल्या स्क्रूखाली हळूहळू दबतो. एबीएस प्लास्टिकचा मॉड्युलस २,३०० एमपीएच्या आसपासच, या कामाला नको.

माप पक्कं राहायला हवं असेल तर ३० टक्के ग्लासचा पीबीटी (पॉलिएस्टर जातीचं प्लास्टिक) घ्या. ताठपणा कोरड्या नायलॉनइतका आणि पावसाळ्यातही जवळपास तसाच. मात्र त्याचा दाणा १२० अंशाला ४ तास सुकवून ०.०३ टक्क्यापर्यंत आणावा लागतो, गरम पाणी-वाफेजवळ तो टिकत नाही, आणि नायलॉनच्या डायमध्ये टाकण्याआधी सगळी मापं नव्याने तपासावी लागतात.